भोसले घाट ते मालदीव : पाण्याला एकट्याने तोंड देता येते का?

हवामान बदलाच्या अभ्यासक्रमात ‘छोट्या द्वीपराष्ट्रांचा प्रादेशिक कृती आराखडा’ हा घटक आला की बहुतेक जण परिषदांची नावे आणि साले पाठ करतात. परीक्षेपुरते ते चालते, पण मूळ प्रश्न त्यातून कळत नाही. तो प्रश्न साधा आहे. पाणी सगळ्यांवर येते, बांधकाम मात्र प्रत्येक जण स्वतःपुरते करतो. मग ‘एकत्र येऊन तोंड देणे’ म्हणजे नेमके काय करणे? याचे उत्तर शोधायला आपण आधी समुद्रापासून दूर, वाराणसीच्या भोसले घाटावर जाऊ. तिथे दोनशेहून अधिक वर्षांचा पुरावा दगडात उभा आहे आणि तो नागपूरकर भोसल्यांनी उभा केलेला आहे.

१. घाट कुठे आहे, कसा आहे

मणिकर्णिका घाटापासून नदीच्या काठाने उत्तरेला निघालात की शिंदे घाट लागतो, मग संकठा घाट आणि थोड्याच अंतरावर भोसले घाट. आणखी पुढे गणेश घाट, राम घाट आणि पंचगंगा. नागपूरच्या भोसल्यांनी हा घाट १७८०च्या सुमारास उभारला आणि १७९५ मध्ये तो पक्का झाला, असे सांगितले जाते. त्या वेळी नागपूरच्या गादीवर दुसरे रघुजी होते. घाटावर भोसल्यांची भव्य दगडी वास्तू आहे, लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे, जवळच यमेश्वर आणि यमादित्य ही स्थाने आहेत.

वास्तू इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावी तशीच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानेही पाहावी. समोरून ती किल्ल्यासारखी दिसते. खालचा भाग भरीव दगडी भिंतीचा आहे आणि नक्षीदार छोट्या खिडक्या अगदी वर आहेत. याचे कारण नदीकडे पाहिले की लक्षात येते. वाराणसीत गंगेची उन्हाळ्यातली पातळी आणि मोठ्या पुरातली पातळी यांत १० मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे साधारण तीन मजल्यांचा. भिंतीच्या खालच्या भागाला वर्षातून काही दिवस पाण्याचा दाब सोसायचा आहे, हे बांधणाऱ्याने गृहीत धरलेले दिसते.

पायऱ्यांचेही तसेच. पायऱ्या नुसत्या स्नानासाठी नाहीत. पाणी जसे चढेल तसा काठ मागे सरकतो आणि माणूस कोणत्याही पातळीला पाण्यापर्यंत पोचू शकतो. पाणी येऊच नये म्हणून केलेले हे बांधकाम नव्हे. पाणी येणार हे मान्य करून केलेले आहे. आज आपण ज्याला ‘तग धरण्याची क्षमता’ म्हणतो, तिचे हे जुने उदाहरण आहे.

नदीचे वळणही ध्यानात घ्या. गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि शहर वळणाच्या बाहेरच्या, म्हणजे पश्चिम काठावर वसले आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल, वेग जास्त आणि खरवडही जास्त. आतल्या अंगाला वेग कमी, म्हणून तिथे गाळ साचतो. समोरचा पूर्व काठ वाळूचा आणि जवळपास मोकळा राहिला तो यामुळेच. काशीचा काठ दगडाने बांधून काढणे ही केवळ धर्माची नाही, काठ टिकवण्याचीही गरज होती.

२. घाट अनेकांचे, आराखडा कोणाचाच नाही

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत काशीचा काठ बांधण्यात मराठ्यांचा वाटा मोठा होता. दशाश्वमेधाच्या पक्क्या बांधकामात पेशव्यांचा हात होता. अहिल्याबाई होळकरांचा घाट त्याच्या शेजारीच आहे. राजा घाट आणि गणेश घाट यांच्याशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. पंचगंगेच्या बांधकामाशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव येते. शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधला.

एक गोष्ट विसरू नका : काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. बनारस आधी अवधच्या नबाबाच्या अंमलाखाली होते, १७७५ नंतर ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. म्हणजे हे सगळे बांधकाम शेकडो किलोमीटरवरच्या दरबारांनी दुसऱ्याच्या मुलखात, स्वतःच्या पैशाने केलेले आहे. हेतू पुण्याचा होता, प्रतिष्ठेचाही होता. प्रत्येकाने आपापला तुकडा निवडला, आपला दगड आणला, आपले देऊळ बांधले. सर्वांनी बसून ठरवलेला असा एक आराखडा नव्हता.

तसे केल्याने काय होते ते शिंदे घाटावर दिसते. तिथले अवजड बांधकाम स्वतःच्याच भाराने खचले आणि पुढे घाट पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही स्पष्ट कललेले आहे. एकाच नदीचा तोच काठ, मधले अंतर चालत काही मिनिटांचे. तरी एका ठिकाणच्या पायाचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

पूर आला की हे तुटलेपण उघड होते. एरवी तुम्ही एका घाटावरून दुसऱ्या घाटावर पायऱ्यांनीच चालत जाता. पाणी चढले की ही वाट बुडते आणि ‘घाटांचा आपसातला संपर्क तुटला’ अशी बातमी दर पावसाळ्यात येते. मणिकर्णिकेवरचे अंत्यसंस्कार वरच्या गच्चीवर न्यावे लागतात, दशाश्वमेधाची आरती छतावर होते. तेवढे दिवस प्रत्येक घाट एक बेट असतो. द्वीपराष्ट्रांचा प्रश्न समजून घ्यायला आपण इथे आलो तो म्हणूनच.

३. ‘प्रदेश’ कोण ठरवतो?

आता एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. इंदूरची कान्ह नदी उज्जैनच्या क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागराजला गंगेला. होळकरांच्या इंदुरात आणि शिंद्यांच्या उज्जैनीत पडलेला पाऊस काही दिवसांनी काशीत होळकर आणि शिंदे यांनीच बांधलेल्या पायऱ्यांवर चढतो. नागपूरचे तसे नाही. नाग नदीचे पाणी कन्हान आणि वैनगंगेतून गोदावरीला जाते. भोसल्यांच्या राजधानीतला एक थेंबही काशीला पोचत नाही.

राजकीय नात्यांच्या नकाशात हे सगळे एकाच मराठा मंडळातले. पाण्याच्या नकाशात मात्र शिंदे-होळकर काशीचे वरच्या अंगाचे शेजारी आहेत आणि भोसले दूरचे देणगीदार. प्रादेशिक नियोजनाचा पहिला धडा हा की ‘प्रदेश’ म्हणजे कोणाच्या सीमा कोणाला लागून आहेत हे नव्हे, तर एकाच संकटाच्या वाटेवर कोण कोण आहे हे.

द्वीपराष्ट्रांनी हे लवकर ओळखले. एप्रिल १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी मालदीवची राजधानी माले हिला तडाखा दिला. नोव्हेंबर १९८९ मध्ये माले इथेच समुद्रपातळीच्या वाढीवर छोट्या राष्ट्रांची परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी छोट्या द्वीपराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. तिच्यात हिंदी महासागर, कॅरिबियन आणि पॅसिफिक अशा तिन्ही ठिकाणची राष्ट्रे आहेत. नकाशात ती हजारो किलोमीटर दूर, पण संकट एकच. १९९४ मध्ये बार्बाडोस इथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांचा पहिला जागतिक कृती कार्यक्रम ठरला. प्रत्यक्ष काम मात्र विभागवार चालते. कॅरिबियनला चक्रीवादळाची एक वाट, पॅसिफिकला दुसरी; त्यामुळे त्यांच्या संस्थाही वेगळ्या.

४. पहिले काम : सर्वांचे एक मोजमाप

वाराणसीत केंद्रीय जल आयोगाची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोका पातळी ७१.२६२ मीटर आहे. नोंदलेली सर्वोच्च पातळी ७३.९०१ मीटर, ती ९ सप्टेंबर १९७८ची. २०१३, २०१६ आणि २०२१ या वर्षी नदीने धोक्याची पातळी ओलांडली. या आकड्यांमुळे ‘यंदा पाणी फार आले’ या वाक्याला अर्थ येतो. भोसल्यांच्या गवंड्याला पूर आठवणीवरून आणि भिंतीवरच्या ओल्या खुणेवरून ठरवावा लागला असणार. आजच्या नावाड्याला पाणी तासाला किती सेंटिमीटरने चढते आहे हे कळते.

पण खरी किंमत घाटावरच्या मोजपट्टीची नाही, वरच्या अंगाच्या मोजपट्ट्यांची आहे. राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात धरणातून किती विसर्ग सोडला हे वेळेवर कळले तरच वाराणसीला काही दिवस हाताशी मिळतात. भारतात नियमित पूर-पूर्वानुमान १९५८ मध्ये दिल्लीला यमुनेवर सुरू झाले. आज एका राज्याचा आकडा दुसऱ्या राज्याचा जीव वाचवतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवावा. कोयनेतून किती पाणी येते आणि अलमट्टीतून किती सोडले जाते, हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या राज्यांच्या हातात होते.

द्वीपराष्ट्रांचेही सुरुवातीचे मोठे सामाईक काम हेच. तुवालूची लोकसंख्या साधारण अकरा हजार. एवढ्याशा देशाने स्वतःचे समुद्रमापन, उपग्रह आणि शास्त्रज्ञ कुठून आणायचे? म्हणून १९९१ पासून ऑस्ट्रेलियाच्या मदतीने पॅसिफिकमध्ये समुद्रपातळी मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले. वेगवेगळ्या बेटांवर एकाच जातीची उपकरणे बसवली, म्हणून त्यांची तुलना करता येते. २००४च्या त्सुनामीनंतर हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र झाले, ते हिंदी महासागराकाठच्या इतर देशांनाही इशारे देते. एकट्याला न परवडणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून घ्यायची, हे प्रादेशिक कृतीचे सर्वांत सोपे आणि सर्वांत यशस्वी रूप आहे.

५. दुसरे काम : संकटाआधी जमवलेला पैसा

२००४ मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळाने ग्रेनेडाचे जे नुकसान केले ते त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या घरात होते. आपल्याकडे एका जिल्ह्यात पूर आला तर उरलेले राज्य मदतीला येते. ग्रेनेडासारख्या देशात एक वादळ म्हणजे संपूर्ण देश. मदत करायला ‘उरलेला देश’ शिल्लक राहत नाही.

म्हणून २००७ मध्ये कॅरिबियन राष्ट्रांनी सामाईक आपत्ती-विमा निधी उभारला. सुरुवातीला १६ सरकारे त्यात होती. एकाच वर्षी सगळ्या बेटांवर मोठे वादळ येण्याची शक्यता कमी, म्हणून सर्वांनी मिळून विमा घेतला तर हप्ता कमी पडतो. आपल्या भिशीशी किंवा गावच्या पतपेढीशी त्याचे नाते तुम्हाला सहज दिसेल. पैसे नुकसानीचा पंचनामा करून मिळत नाहीत. वाऱ्याचा वेग, पाऊस किंवा भूकंपाची तीव्रता आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की चौदा दिवसांच्या आत रक्कम दिली जाते.

याची मर्यादाही आकड्यातच पाहा. २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने डॉमिनिकाचे नुकसान सुमारे १३० कोटी डॉलरचे केले, म्हणजे वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. निधीने दिले सुमारे १.९ कोटी डॉलर. हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येते. त्या पैशात पहिले काही आठवडे सरकार चालते, पगार होतात, औषधे येतात. देश पुन्हा उभा राहत नाही. प्रादेशिक निधी श्वास घेण्यापुरता वेळ देतो. उरलेला खर्च कोणी करायचा, ज्यांच्या धुरामुळे समुद्र चढतो आहे त्यांनी किती करायचा, यावरच हवामान परिषदांमध्ये तीस वर्षे वाद चालू आहे.

६. तिसरे काम : बांधणारा गेल्यावर काय?

आता पुन्हा भोसले घाटावर या. तिसऱ्या रघुजींचे १८५३ मध्ये निधन झाले. औरस वारस नाही या कारणावर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ज्या तिजोरीतून घाट बांधला गेला ती तिजोरी राहिली नाही. नदीला याची खबर असण्याचे कारण नाही. १८५४च्या पावसाळ्यातही पाणी त्याच पायऱ्या चढून आले असणार.

घाटाची देखभाल हे वर्षातून एकदा, न चुकता करण्याचे काम आहे. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा जाड थर राहतो. तो ओला असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढावा लागतो, वाळून घट्ट झाला की मेहनत कितीतरी वाढते. सांध्यांतला चुना निघतो, पायाखालची माती धुपते, एक दगड हलला की शेजारचा सैल होतो. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात येते, गाळ काढणाऱ्याचे येत नाही. घाट मात्र दोघांमुळे टिकतो. आज काशीच्या काठाची जबाबदारी महापालिका, राज्य आणि केंद्राची खाती, मंदिरे, न्यास आणि खासगी मालक यांच्यात वाटलेली आहे. सगळ्यांची जबाबदारी असली की कोणाचीच राहत नाही, हा धोका तिथे कायम आहे.

द्वीपराष्ट्रांत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. माले शहराभोवतीची संरक्षक भिंत जपानच्या मदतीने टप्प्याटप्प्याने बांधली गेली, २००४च्या त्सुनामीत ती उपयोगी पडली. पण परक्या मदतीची मुदत असते. निधी बांधकामाला मिळतो, डागडुजीला क्वचित. प्रकल्प संपला की सल्लागार परततात, पंप बिघडतो, सुटा भाग दोन हजार किलोमीटरवरून यायचा असतो. म्हणून प्रादेशिक आराखड्यात भिंतींच्या यादीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामाईक तंत्रज्ञ, सामाईक सुटे भाग आणि दुरुस्तीचा राखीव निधी. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने पुढाकार घेऊन द्वीपराष्ट्रांच्या पायाभूत सुविधांसाठी एक उपक्रम जाहीर केला. असा उपक्रम तपासताना तुम्ही पहिला प्रश्न हा विचारा : तिसाव्या वर्षी गाळ कोण काढणार आहे?

७. पाणी मागच्या दाराने येते

आणखी एक मुद्दा राहिला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या पुरात वाराणसीचे पक्के घाट बुडतात पण उभे राहतात. घरे मात्र पाण्यात जातात ती वरुणेच्या काठच्या आणि अस्सीकडच्या नाल्यांलगतच्या सखल वस्त्यांत. गंगा फुगली की वरुणेचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, उलटे मागे सरकते आणि वस्तीत शिरते. कोणत्याही राजाने तिथे घाट बांधला नाही, कारण ती जागा पुण्याची नव्हती. विणकर, मजूर, भाडेकरू अशी माणसे तिथे राहतात.

बेटांवर याहून कठीण प्रकार आहे. प्रवाळाची जमीन सच्छिद्र असते. भरती मोठी आली की समुद्राचे पाणी भिंतीवरून नाही तर जमिनीतून वर येते. विहिरी खारट होतात, कंदांची शेती मरते. समोरची भिंत कितीही मजबूत असली तरी तिचा इथे उपयोग नाही. आणि राजधानीला भिंत मिळते, दूरच्या बेटावरच्या शे-दोनशे लोकांना मिळत नाही. प्रादेशिक आराखडा कागदावर राष्ट्रांमध्ये होतो. पण राष्ट्राच्या आत तो सखल वस्तीपर्यंत पोचला का, हे वेगळे तपासावे लागते.

८. तुलना कुठे थांबते

नदीचा पूर ओसरतो. आठ-पंधरा दिवसांनी पायऱ्या पुन्हा दिसू लागतात. समुद्राचे तसे नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग आता अधिक आहे. ते पाणी परत जाणारे नाही. भोसले घाटाच्या बांधणाऱ्याला माहीत होते की पाणी कुठवर चढते आणि पुन्हा उतरते. बेटावरच्या अभियंत्याला वरची मर्यादाच ठाऊक नाही, कारण ती अजून ठरायची आहे. बाकीचे जग किती कोळसा आणि तेल जाळते यावर ती ठरणार आहे. म्हणून त्यांच्या प्रादेशिक एकजुटीला दुसरी बाजू आहे. आपसांत मोजमाप, पैसा आणि देखभाल वाटून घ्यायची, आणि एका आवाजात मोठ्या राष्ट्रांना सांगायचे की आमची पायरी तुमच्या हातात आहे.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावाच्या नदीला वरच्या अंगाने कोणकोणते जिल्हे आणि राज्ये पाणी देतात? नकाशावर वाट काढा आणि त्यांपैकी किती ठिकाणची पाणीपातळी तुम्हाला आज समजू शकते ते शोधा.

२. सामाईक विमा निधीचा हप्ता ठरवताना जास्त धोक्याच्या बेटाने जास्त द्यावा की सर्वांनी सारखा? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहा.

३. तुमच्या परिसरातले शंभर वर्षांहून जुने एखादे जलबांधकाम निवडा : घाट, बारव, तलाव किंवा बंधारा. ते कोणी बांधले हे बहुधा लगेच सापडेल. गेल्या वर्षी त्यातला गाळ कोणी काढला, याचे उत्तर शोधून लिहा.